डांडा मी दिला

जयपूर शहराच्या पूर्वेला, कानोत्याच्या धरणाकडे रस्ता जातो तिथं एका गावाला लागून आमचा प्लॉट आहे. आमचा म्हणजे सरकारी संशोधन संस्थेचा. मी तिथला राखणदार. फौजेतून हवालदार म्हणून सुटलो, शेवटची पोस्टिंग जयपूरला होती, मुलाला झोटवाड्यात काम लागलं आणि आम्ही इथंच राहिलो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीसुद्धा सातारा जिल्ह्यात एका देवळाच्या ओसरीवर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं साहेब म्हणणार आहेत की काकांना कळत नाही. मला काय कळतं आणि काय नाही, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

ह्या प्लॉटवर जळण पिकवतात. हसू नका, पगारी माणसं पिकवतात. झाड लावायचं, झपाझप वाढवायचं, दोन-तीन वर्षांत बुंध्यापासून कापायचं. खोडाला परत फुटवे येतात, ते वाढले की परत कापायचे. ऊस कापून खोडवा ठेवतो ना, तसंच. त्या लाकडावर वीज करता येईल का, कोळशाच्या जागी चालेल का, ह्याचा अभ्यास. थंडीच्या एका देशातही हेच चाललंय म्हणे, म्हणून दोन्ही देशांनी हातमिळवणी केलेली. तिकडची रोपं इकडं यायची, इकडचे आकडे तिकडं जायचे. वर्षातून एकदा तिकडचं कुणीतरी यायचं, टोपी घालून झाडांमधून हिंडायचं आणि बाटलीतलं पाणी पिऊन जायचं.

साहेब पुण्याचे. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान. डॉक्टर आहेत, पण माणसांचे नाहीत, झाडांचे. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी चपलांवर होतो. आरतीला एवढी गर्दी, पण एक जोड इकडचा तिकडं झाला नाही. साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारखा माणूस आमच्या प्लॉटवर पाहिजे." आपला माणूस बोलावतोय म्हणून गेलो. घरी पेन्शन येते, चहाची पंचाईत नाही. मला काम पाहिजे होतं, उपकार नको होते.

तर त्या थंडीच्या देशातून वाळुंजाच्या काड्या आल्या होत्या. वाळुंज मला नवं नाही, आमच्या कृष्णाकाठी असतं, त्याच्याच भाऊबंदातलं. पण हे गोरं वाळुंज. राजस्थानातला जेठ लागला आणि रांगच्या रांग करपली. एक झाड तेवढं राहिलं. का राहिलं ते मला विचारू नका. सरळ वर गेलं, छावणीतल्या क्वार्टर गार्डसमोरच्या झेंड्याच्या काठीसारखं.

संक्रांतीनंतर साहेब आले, रांगेकडं बघून म्हणाले, "काका, ही लाइन फेल आहे. सवड मिळाली की उपटून टाकू."

"एक उभं आहे की, साहेब."

"एकानं काय होतंय? जाऊ दे ते."

जाऊ दे. त्यांच्या तोंडचे शब्द आहेत, माझ्या नव्हेत.

माघी पौर्णिमेला गावचे पटेल आले, बरोबर चार म्हातारे, सगळे साफा बांधून. इकडं होळीच्या आधी महिनाभर, ह्या पौर्णिमेला, गावाच्या चौकात एक लाकूड रोवतात. त्याला डांडा म्हणतात. त्याच्याभोवती होळी रचायची. तो डांडा म्हणजे प्रल्हाद. होळी पेटली की गावातला एखादा तरणा गडी आगीत घुसतो आणि डांडा ओढून बाहेर काढतो, म्हणजे प्रल्हाद वाचला. मग तो तळ्यात नेऊन थंड करायचा. मधल्या महिन्यात त्याला कुणी हलवायचं नाही.

पटेल फाटकाबाहेर उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. कुंपणाच्या तारा इतक्या ढिल्या आहेत की शेळीसुद्धा मान न वाकवता आत येते, पण हे बाहेर उभे. म्हणाले, "फौजीजी, दरवर्षी खेजडीचा, तुमच्या शमीचा, डांडा करतो. आता खेजड्या उरल्या त्या रस्त्याकडेला, त्यांना हात लावला तर दंड. तुमच्याकडं इतकी लाकडं आहेत. एक द्या."

आता आमच्या गावाकडं होळीचं लाकूड कुणी मागत नव्हतं. रात्री जायचं, ज्याच्या परड्यात सापडेल ते उचलायचं. सकाळी मालक शिव्या द्यायचा आणि संध्याकाळी त्याच होळीला नारळ घेऊन यायचा. आणि इथं ही माणसं साफे बांधून दारात उभी. नाही कसं म्हणायचं? आणि द्यायचं तर वाकडं-तिकडं कसं द्यायचं? मी स्वतः कुऱ्हाड घेतली, फेल लाइनीतलं ते सरळ वाळुंज बुंध्यापाशी कापलं, फांद्या साळल्या आणि दोन्ही हातांनी पटेलांच्या खांद्यावर दिलं. त्यांनी मला गूळ दिला. संध्याकाळी साहेबांना फोन करून सांगितलं, "होळीसाठी गावाला एक लाकूड दिलंय." साहेब दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. म्हणाले, "हं हं, ठीक आहे."

होळी आठवड्यावर आली तेव्हा साहेबांची गाडी धूळ उडवत आली. तिकडच्या मॅडम येणार होत्या, त्यांना म्हणे वाळुंज बघायचं होतं. तेच एक. इतक्या उन्हात जगलेलं त्यांचं झाड, त्याचा बुंधा मोजायचा, कापायचं, सुकवून वजन करायचं.

साहेब रांगेपाशी गेले आणि तसेच परत आले. "काका, वाळुंज कुठाय?"

"चौकात."

"चौकात म्हणजे?"

"डांडा झालाय त्याचा. सांगितलं होतं मी."

"अहो, तुम्ही लाकूड म्हणालात! हे लाकूड आहे का? एकुलतं एक सॅम्पल होतं ते!"

"तुम्हीच म्हणालात, फेल आहे, जाऊ दे."

साहेबांनी टोपी काढली, परत घातली. मग आम्ही दोघं चौकात गेलो. डांडा झोकात उभा होता. बायकांनी शेणाच्या गोवऱ्यांच्या माळा करून त्याला घातल्या होत्या, लाल दोरा बांधला होता. साहेब पटेलांना म्हणाले, तुम्हाला दुसरं देतो, चांगलं जाड नीलगिरीचं देतो, हे परत द्या. पटेलांनी हात जोडले. "साब, रोवलेला डांडा होळीच्या आधी उपटला तर गावावर येतं. होळीला निघेल, तेव्हा तुमचाच आहे." आणि आम्हाला चहा पाजला. साहेबांनी बशीत ओतून प्यायला तो चहा. हे लक्षात ठेवा.

गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, "चोरी झाली म्हणून वर कळवतो. पोलिसांत पण एक अर्ज द्यावा लागेल."

मला वाटलं मस्करी आहे. "कुणाच्या नावानं?"

"नाव कशाला? अज्ञात गावकरी."

"अज्ञात? आत्ता ज्याच्या घरचा चहा प्यालात तो अज्ञात?"

"काका, तुम्हाला कळत नाही. दिलं म्हटलं तर तुमची नोकरी जाईल आणि प्रश्न मला विचारतील. चोरी म्हटलं तर कुणावरच काही येत नाही."

"गावावर येतं की."

"गावाचं काय एवढं."

तिथं माझं डोकं फिरलं. गावाचं काय एवढं! जी माणसं ढिल्या तारेबाहेर उभी राहून मागतात, ती चोर. जो देतो तो मूर्ख. आणि जो बघतही नाही, ऐकतही नाही, तो साहेब. मी म्हणलं, "साहेब, चोरीचा अर्ज द्यायचा तर माझ्या नावानं द्या. माझं नाव अज्ञात नाही." साहेबांनी गाडीची काच वर केली, मी आतच बसलेलो असताना.

झोटवाड्याला घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पुरणाची डाळ निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला चपलांवरच ठेवायला पाहिजे होतं."

"माझं काय चुकलं?"

"मी कुठं म्हणते चुकलं? पण आवं, पोलिस आले की कुणाच्या दारात जातील? साहेबाच्या न्हाई, तुमच्या बी न्हाई. त्या पटेलाच्या." आणि परत डाळ निवडायला लागली. माझी बायको बोलते थोडं, पण जेवणात खडा लागावा तसं.

नातू म्हणाला, "आजोबा, मतलब तुम्ही सॉरी बोलून टाका ना." त्याचं मराठी तेवढंच आहे, माझ्याच घरातली चूक आहे ती.

होळीच्या दिवशी मॅडम आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात मातीनं माखलेले बूट. वाळुंज कुठं आहे म्हणून त्यांनी विचारलं असणार, कारण साहेब इंग्रजीत बराच वेळ बोलले आणि गावाकडं हात केला. त्या हातवाऱ्याचा अर्थ मला कळला. इंग्रजी फारसं येत नसलं तरी चोर दाखवणारा हात मी फौजेत पुष्कळ बघितलाय.

संध्याकाळी मॅडमना होळी बघायची होती, म्हणून साहेबांना यावं लागलं. माझी बायको पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली होती, पटेलांच्या घरी द्यायला. चौकात सगळं गाव. होळी पेटली. डांड्याला ज्वाळा पोहोचली आणि मला राहवेना.

आमच्याकडं होळीला बोंब मारतात. हाताची पालथी बाजू तोंडावर आपटत, ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घेऊन. त्या दिवशी मुभा असते, सावकार असो की पाटील, कुणी रागवायचं नाही. राजस्थानात ही रीत नाही. पण मी इतकी वर्षं इथं राहिलो म्हणून काय झालं? मी तोंडावर हात नेला आणि जी बोंब ठोकली, ती कानोत्याच्या धरणापर्यंत गेली असेल. "डांडा मी दिला रे! साहेबानं हं म्हणलं रे! चोर म्हणणाऱ्याच्या नावानं..."

गाव गप्प झालं. त्यांच्याकडं अशी आरोळी कुणी मेल्यावर उठते. पटेल धावत माझ्याकडं आले, "फौजीजी, घरी काय झालं? कोण गेलं?" दोन बायका माझ्या बायकोला धरायला धावल्या. ती म्हणाली, "कुणी न्हाई गेलं. ह्यांची होळी हाय ही." मराठीत म्हणाली. त्या बायका आणखीनच घाबरल्या.

मॅडमनी साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांचा चेहरा होळीपेक्षा लाल. पुण्याचा माणूस, बोंब म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक. ते मॅडमना इंग्रजीत म्हणाले, हे पारंपरिक गाणं आहे. तेवढं इंग्रजी मला कळलं. गाणं! मी पुढं झालो, टाचा जुळवल्या आणि फौजेत शिकलेल्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, नो साँग. ट्री आय गिव्ह. दे आस्क, आय गिव्ह. नो थीफ."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, मग साहेबांकडं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, अगदी हळू. साहेबांना खाली बघून काहीतरी उत्तर द्यावं लागलं. तेवढ्यात एक पोरगा गोणपाट पांघरून आगीत शिरला आणि डांडा ओढून बाहेर आला. लोकांनी जयजयकार केला. डांड्याची साल जळलेली, आतून धूर. तळ्यात बुडवून तो थंड केला, आणि पटेलांनी तो उचलून माझ्या खांद्यावर दिला, मी दिला होता तसाच, दोन्ही हातांनी. "लो फौजीजी, आपकी अमानत."

साहेब म्हणाले, "आता ह्याचं काय वजन करू? अर्धं जळलं, अर्धं भिजलं."

मॅडम खाली बसल्या होत्या, कापलेल्या टोकावरचे वाढीचे वेढे बोटानं मोजत होत्या. त्यांचं काय ते त्यांनी टिपून घेतलं. मी म्हणलं, "साहेब, वजन नंतर. आधी पटेलांना सांगा."

"अहो, अर्ज दिला नाही मी अजून."

"अजून!" मी म्हणलं. "आधी सांगा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, चौकाकडं बघितलं. मग पटेलांकडं वळून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पटेलजी, डांडा हमने दिया था."

लोकांनी परत जयजयकार केला. कुणी साहेबांच्या गालाला गुलाल लावला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पटेलांवरचं बालंट गेलं, पोलिस आले नाहीत, माझी नोकरीही राहिली, आणि बायकोनं सगळ्यांना पुरणपोळी वाढली.

आता संस्थेच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा फोटो लागलाय. मध्ये मॅडम, एका बाजूला गुलाल लावलेले साहेब, दुसऱ्या बाजूला पटेल. डांडा दिसतो, त्याच्याखाली एक खांदा दिसतो, तो माझा. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते शिपायाकडून वाचून घेतलं. दोन देशांच्या संशोधनात गावाचा सहभाग, असं काहीतरी आहे. पाहुणे आले की साहेब त्या फोटोपाशी थांबतात आणि सांगतात, होळीसाठी गावाला लाकूड द्यायची कल्पना संस्थेची. मी दाराशी उभा असतो.

हमने म्हणे. कुऱ्हाड कुणी चालवली? गूळ कुणी खाल्ला? बोंब कुणाची होती? त्या बुंध्याला आता नवे फुटवे आलेत. माघात पटेल परत फाटकाशी येतील, तेव्हा संस्थेला कल्पना सुचायची वाट मी बघणार नाही. कुऱ्हाडीला धार लावून ठेवली आहे.