सही कुठे केलीस?

भांडण कशावरून आहे यापेक्षा ते कुठल्या कोर्टात चालेल याचीच जास्त काळजी करणारा माणूस अख्ख्या नेरूळात एकच होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ जन्मभर एका वकिलाकडे कारकून. नोकरी सुटली, पण कोर्ट काही सुटलं नाही. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या ओट्यावर गळायला लागलं, तेव्हा मी तावातावाने वर गेलो. ते खाली आले, छत बघितलं आणि म्हणाले, "पाणी सुटलं माझ्या घरात, नुकसान तुझ्या घरात. तक्रार दोन्हीकडे चालेल. माझ्याकडेच कर, मला सारखा जिना चढवत नाही." मग स्वतःच्या घरी बसून स्वतःविरुद्धची तक्रार ऐकली, स्वतःला दोषी ठरवलं आणि प्लंबर आणला. सारसोळ्याची कोळीण दारावर यायची, तिलाही विचारायचे, "मासळी खराब निघाली तर सौदा दारात झाला म्हणायचा की बाजारात?" ती टोपली उचलत म्हणायची, "ओ शेट, मावरं खायाचं हाय का कोर्टान न्यायाचं हाय?" मी तर त्यांना तोंडावर चक्रम म्हणायचो. सातवीत शाळा सोडलेला वेल्डर मी, मला गोड बोलता येत नाही.

त्या वर्षांत जो तो आखातात चालला होता. मीही गेलो, तीन वर्षांच्या करारावर. अर्ध्यात हिचं पोटाचं ऑपरेशन निघालं, मी रजेवर आलो. डॉक्टर म्हणाले, हिला एकटीला ठेवू नका. आम्हाला मूलबाळ नाही, मग बघणार कोण? परत जात नाही म्हटल्यावर कंपनीच्या इथल्या एजंटाने परतीच्या कामासाठी घेतलेला माझा पासपोर्ट आणि वेल्डिंगचं सर्टिफिकेट दाबून ठेवलं. सर्टिफिकेटाशिवाय कुठला कारखाना उभा करेना. एजंट म्हणाला, "तक्रार असेल तर तिकडच्या कोर्टात या. करारात तसं लिहिलंय." लिहिलं होतं खरंच. हिला खाटेवर टाकून समुद्रापलीकडे कोर्टात उभा राहू?

वर जाऊन सांगितलं. दुसरा कुणी अरेरे म्हणाला असता. ह्यांनी विचारलं, "सही कुठे केलीस?"

"घरी. साहेबाची सही झालेले कागद एजंट घेऊन आला होता."

"कशावर ठेवून केलीस?"

"पिठाच्या डब्यावर. तुम्हाला काय करायचंय!"

"अरे, करार तुझ्या सहीने पुरा झाला. म्हणजे डब्यावर झाला. डबा नेरूळात, नेरूळ ठाणे कोर्टाच्या हद्दीत. लाव दावा ठाण्याला!" घरात लग्न ठरल्यासारखा आनंद.

कोर्टात कंपनीचा वकील म्हणाला, सही तिकडे पोचल्यावर झाली, या कोर्टाला अधिकारच नाही. त्याने कंपनीची प्रत पुढे केली. आमचे वरचे गृहस्थ मागच्या बाकावरून आमच्या वकिलाला खुणावत होते, "कोपरा! कोपरा बघा!" कोपऱ्यात हळदकुंकू होतं. नव्या कागदाला ते लावल्याशिवाय ही मला पेन टेकवू द्यायची नाही. त्या दिवशी मी खेकसलो होतो तिच्यावर, साहेबाच्या कागदाला कसलं कुंकू म्हणून. पण माझी सही त्या ओल्या कुंकवावरून गेली होती, शाई फुटली होती. न्यायाधीशांनी कागद डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, करार इथे झालेला दिसतो, आणि बायको अंथरुणावर असताना याला तिकडे धाडणं बरोबर नाही. दावा इथेच चालेल. पुढची तारीख यायच्या आत एजंट मुकाट्याने कागद देऊन गेला.

त्यानंतर ही आणखी चार वर्षं जगली. चारही वर्षं मी रोज संध्याकाळी घरी होतो.

ती गेली तेव्हा ते खाली आले. कुठे, कशी, काही विचारलं नाही. उंबऱ्याशी बसले. म्हणाले, "तो दावा वहिनींनीच जिंकला रे."

त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. आता तेही नाहीत. वर नवे लोक आलेत, मोरी पुन्हा गळते. मी तक्रार करायला जात नाही. पिठाचा डबा तेवढा बाजूला सरकवतो.