न जुळलेल्या खुणा
इंजिन ऑइलचा वास आला की सापगावचं आमचं अंगण आठवतं. जन्मभर ड्रायव्हरकी केलेले वडील आमच्या जुन्या गाडीची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले गिअर जुळवून फिरवणारी साखळी, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर स्वतः बदलत होते. नजर अधू झाली होती, पण मेकॅनिकला बोलवू देईनात. चेन चढवून त्यांनी हसत विचारलं, "खुणा जुळल्या ना रे?" गिअरची खूण चेनवरच्या खुणेच्या दोन दात मागे होती. त्यांचा खुललेला चेहरा बघून मी म्हणालो, "जुळल्या, बाबा." त्यांनी चावी फिरवली. आत काहीतरी कडाडलं आणि इंजिन कायमचं बसलं. पाना खाली ठेवत ते म्हणाले, "मला दिसत नाय, म्हणून तर तुला इचारलं." त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. आज ते नाहीत, आणि तेव्हा खरं बोलायला माझी जीभ का रेटली नाही, हे मला अजून कळत नाही.