मावशीनं सरळ केलेलं पुस्तक

स्कॉटिश बोलीत लिहिणाऱ्या त्या कादंबरीकाराचं पुस्तक वाचायला घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी, असं आमच्याकडे अधूनमधून कुणीतरी विचारतं. मी सांगते, जिन्यापासून करा. हातात काहीतरी काम घ्या, मोठ्यानं वाचा आणि शब्दकोश दुसऱ्या खोलीत ठेवून या. विचारणाऱ्याला वाटतं ही बाई थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही. हे एवढं कळेपर्यंत माझ्या मावशीच्या नाकी नऊ आले, आणि कळलं तेव्हा त्याचा ज्याला उपयोग व्हायचा त्याला झालाच नाही. म्हणून सांगते.

माझी मावशी आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचते. काचेपलीकडच्या बंद खोलीत बसून ती वाचते आणि काचेअलीकडे टेपच्या यंत्रापाशी मी बसते. नोकरी मला तिनंच लावली, त्यामुळे मावशी-भाची हे नातं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवणं आम्हाला कधी जमलं नाही. तिचा घसा बसला की मी गरम पाण्याचा पेला आत सरकवायचा, आणि माझे केस विस्कटलेले दिसले की तिनं वाचता वाचता काचेतून डोळे वटारायचे, असं आमचं चालतं. आधी ती टेलिफोनच्या ऑफिसात होती. दिवसभर लोकांना नंबर जोडून द्यायचे, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर भलत्याच घरी घंटी वाजायची. तिथं तिच्या जिभेला जी इस्त्री बसली ती बसली. घरी भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही ती बातम्या दिल्यासारखी बोलते.

आमच्या खोलीचा नियमही तिनंच घातलेला. डोळ्यांनी वाचणारा माणूस अडला तर पान मागे उलटतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून वाचणाऱ्यानं अडलेला प्रत्येक शब्द आधी शोधायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि मगच यंत्र सुरू करायचं. ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘काय म्हणालात?’ निघता कामा नये. या नियमावर मावशीनं कायद्याची पुस्तकं वाचली, औषधांची वाचली, जाडजूड कादंबऱ्या वाचल्या. कुणाची तक्रार म्हणून आली नाही.

आणि मग फिटरकाका आले. बंदरावर जहाजं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि साखरेच्या आजारानं डोळे गेले होते. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ते आत आले आणि कोटाच्या खिशातून एक लहानसं पुस्तक काढून त्यांनी मावशी ज्या बाजूला नव्हती त्या बाजूला धरलं.

“बाई, हे वाचाल का?”

“कशाबद्दल आहे?” मावशीनं पलीकडे जाऊन ते घेतलं.

“कुणाला ठाऊक. माझ्या जोडीदारानं पाठवलं, तोवर माझे डोळे गेले होते.”

जोडीदार म्हणजे कामावरचा. तो स्कॉटलंडचा. एकाच बाकावर, एकाच जहाजाच्या पोटात दोघांनी वर्षानुवर्षं काम केलं. म्हातारपणी तो आपल्या गावी परतला आणि तिथून त्यानं हे पुस्तक धाडलं. लिहिणारा त्याच्याच गावचा, आणि आमच्याकडे बोलतात अगदी तसंच लिहितो, असा निरोप सोबत होता. आता तो जोडीदारही गेला होता.

“त्यात गोष्ट काय आहे याचं मला काही नाही,” फिटरकाका म्हणाले. “त्याचं बोलणं परत एकदा कानावर पडावं, बस.”

ते जायला उठले तेव्हा सून मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, कानही चाललेत यांचे. थोडं लवकर झालं तर बरं होईल, मावशी.” आमच्या खोलीत सगळेच तिला मावशी म्हणतात.

मावशी म्हणाली, एवढंसं तर पुस्तक आहे.

दुसऱ्या दिवशी ती काचेपलीकडे बसली, पुस्तक उघडलं, आणि बराच वेळ झाला तरी तोंड उघडेना. मी काचेवर टकटक केलं. तिनं पान माझ्याकडे वळवून दाखवलं. काय सांगू, म्हणायला इंग्रजी, पण शब्दांचे शेंडे उडवलेले, मधली अक्षरं गिळलेली, दोन शब्द एकमेकांत घुसलेले, आणि मधूनच एखादा असा की तो शब्द आहे की शिंक आहे तेच कळू नये. अवतरणचिन्हं नाहीत, कोण बोलतंय याचा पत्ता नाही. माझ्या तर सगळं डोक्यावरून गेलं. मावशीचे हातपाय गळालेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

पण ती नेटाची. ग्रंथपालांच्या मागे लागून तिनं स्कॉटिश बोलीचा शब्दकोश मिळवला आणि एकेक शब्द सोलत बसली. आठवडा गेला, पहिलं प्रकरण हलेना. माझी चिडचिड व्हायला लागली.

“अगं मावशी, पुढे चल ना. एखादा शब्द नाही कळला तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“अर्थ न कळता वाचू? पोपट आहे का मी?”

मी यंत्रावरची धूळ पुसत राहिले. तयार टेप कुठं मिळते का म्हणून मी चार ठिकाणी विचारून पाहिलं, मिळाली नाही. त्या बोलीचं दुसरं माणूस आमच्या ओळखीपाळखीत नव्हतं.

शेवटी मावशीला मार्ग सुचला, आणि तो सुचला म्हणून ती इतकी खूश झाली की त्या दिवशी मला तिनं बाहेर चहा पाजला. तिनं काय केलं, तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलनं शुद्ध, सरळ इंग्रजी वाक्य लिहून काढलं. उडालेले शेंडे परत लावले, गिळलेली अक्षरं बाहेर काढली, अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा घातला. मग यंत्र भराभर चाललं. मलाही सगळं कळलं, आणि गोष्ट भारी होती. एका जुन्या इमारतीतली माणसं, एकच जिना, कुणाचं कुणाशी पटत नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

टेप घेऊन आम्ही दोघी फिटरकाकांच्या घरी गेलो. एक खाट, खाटेखाली हत्यारांची पेटी, उशाशी टेपरेकॉर्डर. त्यांनी आवाज पूर्ण वाढवायला लावला आणि कान स्पीकरच्या जाळीला चिकटवून एक अख्खी बाजू ऐकली. मावशी समोर हात जुळवून बसली होती. परीक्षेचा निकाल असल्यासारखी.

“छान वाचता हो तुम्ही,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, “पण ही माणसं कोण? सगळी कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलतायत. माझ्या जोडीदारानं यातल्या एकाला ओळख दिली नसती.”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. “मग ती कशी बोलतात ते सांगा ना. तसं वाचते.”

फिटरकाकांनी तोंड उघडलं, दोनदा ओठ हलवले, आणि पुन्हा मिटलं. “नाही येत. इतकी वर्षं ऐकलं, पण तोंडात कधी बसलं नाही. ऐकलं तर ओळखेन.” मग हसून म्हणाले, “इंजिनाचं तसंच असतं. आतलं बेअरिंग कसं वाजतंय ते तोंडानं सांगता येत नाही. लोखंडी सळई घ्यायची, एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. मग कळतं.”

ऑफिसात परत आल्यावर मावशीनं खोडरबर घेतलं आणि पहिल्या पानापासून पेन्सिल पुसायला लागली. मला तिची इतकी कीव आली की मी दुसरं खोडरबर घेऊन शेवटच्या पानापासून सुरुवात केली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून जीव कसानुसा होतो. लिहिलंय तसं वाचायचं तर तिची जीभ वळेना. प्रत्येक अर्ध्या शब्दापाशी ती थबकायची आणि नकळत तो पुरा करायची. काही तुकडे आम्ही फिटरकाकांकडे नेले. ते कान लावून ऐकायचे आणि मान हलवायचे, नाही. आणि दर खेपेला म्हणायचे, आवाज जरा वाढवा. तो आधीच पूर्ण वाढवलेला असायचा.

एकदा काचेपलीकडून मावशी म्हणाली, “मी जन्मभर नीट बोलायला शिकले गं. आता या वयात वाकडं कसं बोलू? तो माणूस वाट बघतोय आणि मला सुरुवातच करता येत नाहीये.” माईक चालू आहे हे ती विसरली होती. मी यंत्र बंद केलं.

सुटका झाली ती माझ्या आईमुळे. आई म्हणजे मावशीची थोरली बहीण, आणि तिला असल्या गोष्टींचं बिलकुल कौतुक नाही. सुट्टीच्या दिवशी मावशी आमच्याकडे तोंड पाडून बसली होती. आईनं तिच्यापुढे मटारच्या शेंगांचं पातेलं सरकवलं. “सोल. आणि सोलता सोलता वाच ते तुझं काय आहे ते.”

“तुला काही कळणार नाही.”

“तुला तरी कुठं कळतंय? वाच.”

मावशीनं रागानं पुस्तक मधूनच उघडलं. जिना धुवायची पाळी कुणाची, यावरून दोन शेजारणी भांडतात तो भाग होता; तेवढं तिनं आईला सांगितलं. ती दोन ओळी वाचते तोवर आई म्हणाली, हळू काय वाचतेस, भांडतायत ना त्या? मावशी म्हणाली, मध्ये बोलू नकोस. आई म्हणाली, माझ्या घरात मी बोलणार. मावशी तापली, आणि तापलेलीच वाचत सुटली. हात शेंगांत, डोळे पुस्तकात, आणि शब्द शोधायला वेळ कुणाला. अक्षरं आपोआप गिळली जायला लागली, शब्द एकमेकांवर आदळायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्या दोघी बायका आमच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आई पदरानं डोळे पुसत हसत होती. “ती धाकटी खोटारडी आहे,” म्हणाली. “पाळी तिचीच आहे.”

आणि खरोखर तिचीच होती. आईला त्यातला एकही शब्द कळला नव्हता.

मावशी आनंदानं रडली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काचेपलीकडे मटार नेले. ऑफिसातले लोक हसले, हसू देत. मावशी सोलत सोलत, जिन्यापासून पुढे आणि मग मागे येऊन सुरुवातीपासून, न थांबता वाचत गेली. नियम मोडला म्हणून तिला एकदाही वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. तिचं इतकं चांगलं वाचन मी आजवर ऐकलेलं नाही, आणि हे मी भाची म्हणून सांगत नाही.

जिन्याची टेप घेऊन आम्ही गेलो तेव्हा सुनेनं दार उघडलं.

“काहीच ऐकू येत नाही आता,” ती म्हणाली. “हाक मारली तरी.”

फिटरकाका खाटेवर बसले होते. कुणी आलंय हे त्यांना कळलं नाही. मावशी जवळ गेली, त्यांचा हात धरला आणि त्या हातात पुस्तक ठेवलं. त्यांनी ते चाचपलं, कोपरे ओळखले.

“झालं?” त्यांनी मोठ्यानं विचारलं. आपला आवाज त्यांनाही ऐकू येत नसणार.

मावशीनं त्यांच्या हातावर थोपटलं. ते खाली वाकले, खाटेखालची पेटी ओढली आणि शोधत शोधत सळई बाहेर काढली. एक टोक त्यांनी टेपरेकॉर्डरच्या जाळीवर टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडावर. मी टेप लावली, आवाज पूर्ण वाढवला. जिन्यातल्या बायका त्या खोलीत अशा भांडायला लागल्या की शेजारची बाई काय झालं म्हणून दारात आली. सुनेला हसू आवरेना, आणि हसता हसता ती तोंड फिरवून उभी राहिली.

फिटरकाका सळई धरून बसले होते. भुवया आक्रसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“चालू आहे,” ते म्हणाले. “एवढं कळतंय.”

मला ते बघवेना. मी बटणाकडे हात नेला, तर मावशीनं माझं मनगट धरलं. “राहू दे,” ती म्हणाली.

बायका भांडत राहिल्या. धाकटी खोटं बोलली, थोरलीनं बादली उचलली, आणि टेपची ती बाजू संपली.

“थांबलं,” फिटरकाका म्हणाले.

मावशी उठली आणि तिनं टेप उलटून लावली.