प्रभाकररावांच्या कादंबरीतला पहिला नकार

आर्वीच्या तहसील कचेरीच्या आवारात, टिनाच्या शेडखाली, डावीकडून तिसरं टेबल प्रभाकरराव गावंड्यांचं होतं. ते परवान्याचे दस्तलेखक. खरेदीखत म्हणा, वाटणीपत्र म्हणा, मृत्युपत्र म्हणा. शेजारच्या ओमप्रकाशच्या टपरीवरून आलेला चहा पिण्याजोगा निवेपर्यंत त्यांचा मजकूर तयार असे. अक्षर असं, की ज्याला वाचता येत नाही त्यालाही नुसतं पाहून आपली जमीन जागच्या जागी असल्यासारखं वाटावं. बावीस वर्षांत त्यांचा एकही दस्त अर्धवट राहिलेला नव्हता.

अर्धवट राहिली होती ती कादंबरी.

ती त्यांनी १९७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी लिहायला घेतली. त्याच वर्षी वाचनालयाच्या वार्षिक सभेत आभार मानता मानता त्यांच्या तोंडून ती गोष्ट निघून गेली, आणि घोटाळा झाला. कोणी दुसरं लग्न केलं तर गाव चार महिन्यांत विसरतं. कादंबरी विसरत नाही. चौऱ्याहत्तरपर्यंत लोक आदरानं विचारत, अठ्ठ्याहत्तरपर्यंत काळजीनं, आणि पुढे नुसतंच विचारत. ओमप्रकाश रोज सकाळी पहिला कप ठेवताना म्हणे, "क्यों रावसाहब, आज कौनसा पन्ना?"

"दोनशे बारा," प्रभाकरराव म्हणत. १९८० च्या पोळ्यापासून हे उत्तर बदललेलं नव्हतं.

दोनशे बाराव्या पानावर नायिका सुलोचना दारात उभी होती. भावानं तिचं लग्न पुलगावच्या एका बिजवराशी ठरवलेलं. श्रीधर, म्हणजे नायक, नागपूरला निघण्याआधी निरोप घ्यायला आलेला. त्यानं विचारलं, "मी जाऊ?" त्यावर 'सुलोचना दारात उभी राहिली' असं लिहून प्रभाकररावांनी पेनाला टोपण घातलं. टोपण पुन्हा कितीदा तरी निघालं, पण पुढचं वाक्य निघालं नाही. बायकोला, मंदाबाईंना, ते तेवढा भाग अधूनमधून वाचून दाखवत. शेवटी एकदा त्या पालक निवडता निवडता म्हणाल्या, "अवो, वर्ष झालं त्या पोरीले उभं ठेवलं तुम्ही. बस तं म्हणा तिले."

कादंबरीवर धंद्याची छाप होतीच. प्रत्येक पात्र पहिल्यांदा येताना वडिलांचं नाव, अंदाजे वय, धंदा आणि राहणार कुठला एवढं सांगून येई. सुलोचनेचं घर पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस नाला अशा क्रमानं चारी बाजूंनी बंदिस्त केलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे, दोनशे बारा पानांत कोणीही कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. भाऊ म्हणाला, शाळा सोड; तिनं सोडली. आई म्हणाली, श्रीधरला विसर. ती बरं म्हणाली. श्रीधरच्या बापानं त्याला नागपूर दाखवलं, त्यानं ट्रंक भरली. सगळे कबूल. प्रभाकररावांना यात काही वावगं दिसत नव्हतं, कारण त्यांच्या टेबलापुढे आजवर आलेला प्रत्येक माणूस कबूलच होता. त्यांचं स्वतःचं निदान निराळं होतं: आपल्याला निवांतपणा मिळत नाही.

निवांतपणासाठी त्यांनी खटपट पुष्कळ केली. नवं पेन घेतलं. घरातलं टेबल आधी भिंतीकडे तोंड करून ठेवलं, मग खिडकीकडे, मग कणगीकडे. सुपारी सोडली, आठ दिवसांनी परत धरली. एकदा तर तळेगावला मावसभावाच्या संत्र्याच्या बागेत जाऊन राहिले. झाडाखाली सतरंजी, आजूबाजूला चिटपाखरू नाही. निवांतपणा इतका, की दुसऱ्या दिवशी ते एकटेच बागेला फेऱ्या मारू लागले. तिसऱ्या दिवशी मावसभाऊ संकोचत म्हणाला, "आलेच आहा तं भाऊ, आमचं वाटणीपत्र करून देता काय?" ते त्यांनी एका बैठकीत लिहून दिलं आणि परतले.

पण १९८१ च्या दिवाळीनं प्रकरण गळ्याशी आणलं. त्यांची एकुलती मुलगी कोकिळा हिंगणघाटला दिलेली. जावई तिथल्या कॉलेजात मराठी शिकवत. लग्न जमवताना मध्यस्थानं 'मुलीचे वडील कादंबरीकार' असं ठोकून दिलं होतं, आणि तेव्हापासून जावई दर दिवाळीला, अनारशाला हात घालण्यापूर्वी, "मामाजी, झाली काय?" असं विचारत. यंदा त्यांनी विचारलंच नाही. यंदा ते म्हणाले, "आमचे विभागप्रमुख तुमची कादंबरी वाचायला तयार आहेत. होळीपर्यंत खर्डा द्या. मात्र पूर्ण पाहिजे, अर्धवट ते हातात धरत नाहीत."

"शेवटालाच आली आहे," प्रभाकरराव म्हणाले.

कोकिळेनं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, खरंच आली ना? सासूबाई परवा मले म्हणे, तुझे वडील लिहितात का नुसते म्हणतात? मी म्हटलं, लिहितात. आता जर का..." तिनं वाक्य तिथेच सोडलं. ही सवय तिला कुठून लागली ते प्रभाकररावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून त्यांचं बूड टेकेना. घरी असले की कचेरीत काही राहिल्यासारखं वाटे, कचेरीत असले की घरी. वाचनालयासमोरून जाणं त्यांनी बंद केलं आणि मागच्या गल्लीनं जाऊ लागले. तर तिथे वाचनालयाचे चिटणीस राहत. संक्रांतीला कोणी तिळगूळ दिला तरी पुढे काय विचारलं जाणार या धास्तीनं ते तीळ चावायच्या आधीच "चाललंय, चाललंय," म्हणत. पान दोनशे बाराच होतं.

आणि अशात, जानेवारी संपता संपता, एका बुधवारी रोहण्याचे किसनराव आपल्या बहिणीला घेऊन टेबलाशी आले.

काम रोजचंच होतं. बाप वारला, की मुलांबरोबर मुलींचीही नावं वारस म्हणून जमिनीच्या कागदावर चढतात. मग एक दिवस भाऊ बहिणीला माहेरी बोलावतो, गोडाधोडाचं जेवू घालतो, आर्वीला आणून नवं लुगडं घेतो, आणि लुगड्याची पुडी काखेत असतानाच तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतो. लुगडं नेहमी सहीच्या आधी. हा क्रम कोणी ठरवला ठाऊक नाही, पण तो चुकलेला प्रभाकररावांनी पाहिला नव्हता.

बहिणीचं नाव जयवंताबाई. वय अंदाजे पन्नास, राहणार कारंजा. चौथी शिकलेल्या, त्यामुळे अंगठा नाही, सही. प्रभाकररावांनी मजकूर उतरवला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवायला घेतला. वाचताना त्यांचा आवाज सपाट होई. तो कोणी ऐकत नसे. जो तो संपायची वाट पाहत असे.

"...तरी सदरहू मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय..."

"थांबा जी," जयवंताबाई म्हणाल्या. "हे राजीखुशीनं कोणं लिहिलं?"

"मी," प्रभाकरराव म्हणाले.

"तुम्हाले कसं समजलं?"

प्रभाकररावांनी चष्मा काढला. "तसं लिहावंच लागतं, बाई. रीत आहे."

"रीत हाये तं रीत म्हणून लिहा ना. माह्या नावापुढं कायले लिहिलं?"

"अवो बाई," किसनराव हसत म्हणाले, "सगळ्याच कागदात असते ते. लग्नपत्रिकेत नसते काय, आहेर आणू नये म्हणून? तसं हाये हे."

"तुले नाई पुसून राह्यली मी, किसना. ज्यानं लिहिलं त्याले पुसून राह्यली."

आता इथे एखाद्या जाणत्या दस्तलेखकानं घसा खाकरून पुढचं वाक्य वाचलं असतं. पक्षकाराला नाव विचारावं, वय विचारावं, गट नंबर विचारावा. मनात काय आहे ते विचारायचं नसतं, हे पहिल्या टेबलापासून सहाव्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्रभाकरराव तीन महिने धड झोपले नव्हते, आणि बाईचं म्हणणं त्यांना मजकुरातली चूक दाखवल्यासारखं लागलं. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच त्यांना येत होतं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. जयवंताबाई, तुमची राजीखुशी आहे काय?"

ओमप्रकाश रिकामा कप उचलायला आला होता. तो कप धरून तसाच उभा राहिला.

जयवंताबाईंनी पुडीची सुतळी सैल केली, पुन्हा आवळली. "घरून निघाली तवा होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे नव्हती, पण कोणी पुसलंच नव्हतं, तं नसल्यासारखं वाटत नव्हतं. आता तुम्ही पुसलं. तं नाई."

"नाई म्हणजे?" किसनराव म्हणाले.

"नाई म्हणजे नाई. अजून काय असते त्यात?"

त्यांनी लुगड्याची पुडी टेबलावर, त्या सहीविना राहिलेल्या कागदावरच ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. भराभर नव्हे, बाजारातून घरी निघाल्यासारख्या.

किसनराव आधी त्यांच्या मागे चार पावलं गेले, मग परत आले. "गावंडेसाहेब, तुम्हाले पुसायले कोणं सांगतलं होतं? वीस-बावीस वर्षं झाले लिहून राह्यले. पुसलं काय कधी कोणाले?"

"नाही," प्रभाकररावांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग आजच काऊन?"

ओमप्रकाशनं कपाचा तळ झटकला. "गलती तो आपकीच है, साहब. मैं भी पूछ-पूछ के चाय देने लगूँ, तो कोई पियेगा क्या?"

आठवडी बाजारापर्यंत बातमी तालुकाभर झाली. किसनरावांनी ती तिखटमीठ न लावता सांगितली, आणि त्यामुळे ती जास्त भयंकर वाटली: तिसऱ्या टेबलावरचा बुवा पुसते. भाऊमंडळी बहिणींना घेऊन चौथ्या टेबलाकडे, तानबाजींकडे, वळू लागली. हळूहळू खरेदीविक्रीवालेही. तानबाजींचं अक्षर किड्यामुंग्यांसारखं होतं, पण ते वर पाहत नसत. पंधरा दिवसांत प्रभाकररावांना हवा होता तेवढा निवांतपणा मिळाला.

"पुसलं काऊन तुम्ही?" मंदाबाई रोज जेवताना विचारत. "माह्या बापाच्या वावराचा कागद तुम्हीच लिहिला होता. तवा मले नाई पुसलं ते?"

प्रभाकररावांनी घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. तो कागद त्यांना आठवत होता. तारीखसुद्धा.

"विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"आता काय उपयोग? भाजी घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी, समोर कोणी नाही आणि करायला काही नाही अशा अवस्थेत, त्यांनी टेबलाच्या खणातून दोनशे बारावं पान काढलं. श्रीधर "मी जाऊ?" असं विचारत होता. स्वतःपुरतं विचारत होता. त्यांनी त्याच्याच तोंडी आणखी एक वाक्य घातलं: "तुझ्या मनात पुलगावला जायचं आहे काय?" पेन उचलायच्या आत खाली उत्तर उमटलं.

"नाही."

प्रभाकरराव उठले, कचेरीच्या फाटकापर्यंत गेले, परत आले. शब्द तिथेच होता. आणि तो होता म्हणून भावाला दारात येऊन काही बोलणं भाग होतं. भाऊ बोलला, म्हणून आईला चुलीपुढून उठणं भाग होतं. सगळ्यात पंचाईत श्रीधरनं केली. सुलोचनेचं नाही ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता, तो घाबरला. त्याला नागपूर पाहिजे होतं, एकट्याला. दहा वर्षं सांभाळलेला आपला नायक असा निघेल याची प्रभाकररावांना कल्पना नव्हती. ते दोन दिवस त्याच्यावर चिडून होते आणि चिडूनच अकरा पानं लिहून झाली.

मग थांबणं राहिलं नाही. ते शेडखाली लिहीत, घरी लिहीत, एकदा मयतीला गेले तिथे खिशातल्या पोस्टकार्डावर लिहिलं. अर्ध्या ताटावरून उठत. कोणी हाक मारली तर दचकत. पात्रांच्या बापांची नावं लिहायची राहू लागली, वयं चुकू लागली, एका प्रकरणात घराच्या पश्चिमेचा नाला दक्षिणेला गेला तो गेलाच. ओमप्रकाशनं एके दिवशी पान विचारलं तर म्हणाले, "ठाऊक नाही." ओमप्रकाशला ते शुभ लक्षण वाटलं नाही, त्यानं मंदाबाईंना निरोप धाडला, की साहेबांना एकदा दवाखान्यात दाखवा.

होळी आली आणि गेली. सुलोचना अजून भावाशी बोलत होती. धुळवडीच्या दुपारी, बाहेर डफ वाजत असताना आणि मंदाबाई दाराला आतून कडी घालून बसलेल्या असताना, तीनशे शेहेचाळिसाव्या पानावर तिचं बोलणं संपलं. प्रभाकररावांनी उलटून पाहिलं. पुढे लिहायचं काही नव्हतं. एक दिवस उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी कादंबरीचं बासन मांडीवर धरून, वर्ध्याला गाडी बदलून, ते हिंगणघाटला पोचले. विभागप्रमुख सकाळीच गावी गेले होते, आता जूनमध्ये येणार होते. कोकिळेनं गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून आधी सासूबाईंना दाखवला. सासूबाईंनी वजन पाहिलं आणि मान डोलावली.

जावयांनी दुपारभर वाचलं. दिवेलागणीला बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा शिक्षकाचा झालेला होता. "मामाजी, शेवटची सव्वाशे पानं..." ते थांबले. "ती कोणी लिहिली, असं विचारावंसं वाटतं. पण पहिली दोनशे तिथे जुळत नाहीत. ही सुलोचना त्या घरातली वाटतच नाही. पुन्हा लिहावी लागतील."

"सगळी?"

"सगळी."

कोकिळा घाबरून बापाकडे पाहू लागली. पण प्रभाकररावांचं लक्ष तिकडे नव्हतं. नवव्या पानावर भावानं सुलोचनेची शाळा सोडवली तेव्हा आई 'बरं' म्हणाली होती. का म्हणाली असेल?

"झाली ना एकदाची पुरी? आता तरी स्वस्थ बसा, बाबा," कोकिळा ताट वाढत म्हणाली. ते बसले. वरण वाढून झालं, तूप पडलं.

"कोकिळा, घरात कोरा कागद आहे का एखादा?"

मराठीच्या प्राध्यापकाचं घर. भिंतभर पुस्तकं होती, कोरा कागद सापडेना. शेवटी तिनं कोणाचीतरी लग्नपत्रिका आणून मागची बाजू वर करून दिली. प्रभाकररावांनी ताट थोडं बाजूला सारलं आणि लिहिलं, 'आई लगेच काही बोलली नाही.'

वरण निवत होतं.