सेलातली काळी पूड

नातवानं अंगणात जुना सेल दगडानं फोडला. ती काळी पूड झाडताना बोटं माखली आणि मी थेट तुमसरकडच्या आमच्या मँगनीजच्या खाणीवर पोचले.

सहावीत असताना गुरुजींनी वर्गात असाच सेल फोडून दाखवला होता. "ही पूड तुमच्याच खाणीतल्या दगडाची," ते म्हणाले. चिमूटभर पूड मी कागदात बांधून घरी नेली.

आई नुकतीच पाळीवरून आली होती. ती खाणीवर दगड निवडायची. चांगला दगड तिला तळहातावरच्या वजनावरूनच कळायचा. तिनं पूड बोटांत चोळून पाहिली.

"हे तं आपलंच होय. कुठी भेटलं तुले?"

"सेलात. यानंच बॅटरी जळते, माय."

इतकी वर्षं आईनं निवडलेला माल वॅगनी भरभरून गेला, पण तो कशासाठी जातो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"म्हंजे सायबाच्या बॅटरीतला उजेड आपलाच होय म्हन!"

असं म्हणून ती हसली आणि रॉकेलची चिमणी पेटवायला उठली. आमच्या घरी बॅटरी नव्हती.

तेव्हा मीही तिच्यासोबत हसले होते.