शिलाईवाली एकटी आत गेली

माझ्या नोकरीपायी आम्ही परदेशात आलो आणि बायकोला घर खायला उठलं. मायदेशी ती शाळेत गणित शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. काही दिवस तिनं माझ्या चुका काढून वेळ घालवला. मग वाचनालयाच्या तळघरात शनिवार-रविवार मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवायला लागली. म्हटलं, सुटलो! कसला सुटतोय? खुर्च्या लावायला मी, चहाचं पाणी ठेवायला मी, आणि सरावासाठी खडूस घरमालक, खडूस कारकून व्हायलाही मीच. "तुला वेगळा अभिनय करावा लागत नाही," हे वर ऐकून घ्यायचं.

खोली एरवी बालवाडीची. त्या बुटक्या खुर्च्यांवर ट्रक चालवणारे, हॉटेलात भांडी घासणारे, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या अंग चोरून बसत. प्रत्येकाची भाषा वेगळी. बायकोचा नियम एकच, मुलांनी दाराबाहेर थांबायचं. कारण घरोघरी पोरंच दुभाषी झालेली. आईबापांनी तोंड उघडायच्या आत पोरगं उत्तर देऊन मोकळं.

त्यांत एक शिलाईवाली होती. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बाह्या जोडायची. नवरा वारलेला, एक शाळकरी मुलगा. दवाखान्यात तिच्या वतीनं तोच बोलायचा आणि दुखणं दर खेपेला एकच, डोकं. एका रविवारी वर्ग सुटला तरी ती रेंगाळली. पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढून तिनं बायकोच्या हातात ठेवलं आणि दुसरा हात स्वतःच्या ओटीपोटावर. बायकोनं मला डोळ्यांनीच बाहेर काढलं.

घरी येताना म्हणाली, "खूप रक्त जातंय रे तिच्या अंगावरून. कित्येक महिने. हे पोटच्या पोराच्या तोंडून कसं सांगणार? म्हणून डोकं दुखतं म्हणायची आणि गोळ्या घेऊन परत यायची."

मी म्हटलं, "मग तू जा तिच्याबरोबर. तू सांग डॉक्टरला."

"मी दारापर्यंत जाईन. आत तीच बोलेल."

इथे आमचं वाजलं. "जिवाशी खेळ आहे हा! मास्तरकी ठेव बाजूला."

"तिनंच सांगितलंय तसं. मुलगा नको, टीचरही नको. आणि नाहीच जमलं तर मी दाराशी असेनच, मेलेली नाहीये!"

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात सराव चालला. मला झोपण्याच्या खोलीत हद्दपारी. दाराआडून तीच तीन-चार वाक्यं ऐकू यायची, आधी कुजबुजत, मग मोठ्यानं. तरी माझा राग गेला नव्हता.

दवाखान्यात तिला बोलावलं तसा मुलगा सवयीनं उठला. शिलाईवालीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि एकटी आत गेली. दार लागलं. बायको पर्सचा पट्टा पिळत बसली. मुलानं मला हळूच विचारलं, "तिला जमेल?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" माझा अजिबात विश्वास नव्हता.

थोड्या वेळानं आतून आवाज चढला. तिचाच. "जा की आत!" मी बायकोवर खेकसलो. ती उठली, दाराच्या मुठीवर हात ठेवला, कान दिला आणि हात काढून घेतला. परत येऊन बसली ती ताठ.

शिलाईवाली बाहेर आली ती तपासणीचा कागद घेऊनच. गर्भाशयात गाठ होती, ती पुढे शस्त्रक्रिया करून काढली आणि बाई खडखडीत बरी झाली. पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं काय घडलं ते सांगितलं. डॉक्टरनं अर्धं ऐकलं, गोळ्या लिहिल्या आणि उठून दाराकडे निघाला.

"मी म्हटलं, बसा. माझं अजून झालेलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"बसला."

बायकोनं तोंडावर हात दाबला. हसतेय की रडतेय कळेना. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "हे वाक्य मी शिकवलेलं नाही हं. तिचं तिनं केलं." एवढ्या तोऱ्यात तिला स्वतःबद्दल कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. माझा तर ऊर भरून आला, आणि भांडणात मी हरलो हे मी तिथल्या तिथे, मोठ्यानं कबूल केलं.