सोमवारची घरची बातमी

शेख मिस गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीच्या वर्गावर चाचणीचं पर्यवेक्षण करत होते. पीटीचे सर दाराशी आले, मुलांकडे बघून थांबले आणि हळूच म्हणाले, "मिस गेल्या गं... सकाळी." मी मान हलवली. पेपर संपायला अवकाश होता. एका मुलाला पुरवणी हवी होती, ती दिली. मग ती बांधायला दोरा दिला. तेव्हा वाटलं, मिसनीही आधी हातातलं कामच संपवलं असतं. आता वाटतं, मला त्या दारातून बाहेर पडायचंच नव्हतं.

लोणावळ्यातल्या आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. तळेगावहून यायच्या. तिथे त्यांच्या यजमानांचं कड्या-कुलपांचं दुकान आहे. दरवर्षी एखादा नवा पालक नाव वाचून विचारायचाच, "शेख मिस मराठी शिकवतात?" मिस शांतपणे म्हणायच्या, "काय करणार, घरी तीच बोलतो." सोमवारच्या तासाला त्या पुस्तक उघडू द्यायच्या नाहीत. त्या तासाचं नाव 'घरची बातमी'. एकाने पुढे यायचं आणि घरी काय घडलं ते सांगायचं, घरी बोलतात तसंच. मार्क नाहीत, चूक-बरोबर नाही. नियम एकच होता. बातमीला पोट धरून हसा, पण जो बोलण्याला हसेल त्याने पुढची बातमी द्यायची, आणि तीही त्याच बोलीत.

मी याच शाळेत शिकत होते तेव्हा कुरवंडे गावची सुवर्णा माझ्या शेजारी बसायची. इतर तासांना ती तोंड उघडत नसे. एका सोमवारी ती पुढे गेली आणि म्हणाली, "काल आमची म्हस व्याली. पर्यटक आलते. ते फोटूच काढीत ऱ्हायले. आमचं आबा म्हनलं, बाजूला व्हा की, तिला लाज वाटतीय." वर्ग खदखदून हसला. पण एक मुलगा 'म्हस, म्हस' करत राहिला. मिसनी त्याला उभं केलं. "ये बाबा. आता तुझी बातमी, सुवर्णाच्या भाषेत." तो बराच वेळ चाचपडला. शेवटी सुवर्णाच त्याला शब्द पुरवायला लागली. त्या दिवसानंतर मधल्या सुट्टीत ती बोलायला लागली, ती दहावी संपेपर्यंत थांबली नाही. मी मात्र एकदाही बातमी दिली नाही. मिसनी माझं नाव कधी पुकारलं नाही.

पदवीनंतर थोडे दिवस पुण्यात नोकरी केली आणि मग याच शाळेत कम्प्युटर शिकवायला आले. पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले आणि सवयीने तोंडून गेलं, "मे आय कम इन, मिस?" सगळे वळून बघायला लागले. शेख मिस डबा उघडत होत्या. "नो," त्या म्हणाल्या. "बाहेरच उभी राहा. पगारही तिथेच पाठवतो." मग शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली. पुढे कित्येक दिवस कुणी मोठं आत आलं की मी उठून उभी राहायचे. मिस माझी ओढणी धरून खाली बसवायच्या. "अगं, त्यांनाही उभं राहावं लागेल. गुडघे दुखतात त्यांचे."

डायलिसिस सुरू झाल्यावर त्यांचं येणं कमी झालं. सोमवारी मात्र यायच्या. मग तेही थांबलं. मी तळेगावला भेटायला गेले तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून वाटाणे सोलत होत्या. नणंद त्यांच्यावर ओरडत होती, "भाभी, राहू द्या की! डॉक्टर मला बोलतील." मिसनी माझ्यापुढेही चार शेंगा टाकल्या.

"सोमवार तू घे."

"मिस, माझा विषय कम्प्युटर आहे."

"मग? कम्प्युटरवाल्यांना घर नसतं?"

मी म्हणाले, मला वर्गासमोर असं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुला कुठं बोलायचंय? ऐकायचंय." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शेंगा संपल्या... ती आमची शेवटची भेट.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत मुख्याध्यापिका मॅडमनी सांगितलं की सोमवारचा तास आता स्कॉलरशिपच्या सरावाला द्यायचा. एका पालकांची तक्रारही होती. इतकी फी भरून मुलगी घरी येऊन 'कुटं' आणि 'न्हाई' म्हणते. सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं. मॅडम पुढच्या मुद्द्याकडे वळल्या आणि माझा हात वर गेला, विद्यार्थ्यासारखा, सरळ. मी म्हणाले, "मॅडम, मी इथे पहिलीपासून दहावीपर्यंत शिकले. शेजारच्या मुलीच्या घरी काय चालतं, ते मला फक्त सोमवारी कळायचं. तो तास मी घेईन. माझ्या ऑफ पिरियडला सराव घ्या, तोही मी घेईन."

मॅडम हसल्या. "तू? तुझा आवाज पहिल्या बाकापर्यंत तरी पोचतो का गं?"

"मला ऐकायचंय, मॅडम."

पीटीचे सर मध्येच म्हणाले, "द्या की मॅडम. नाही जमलं तर बंद करू." मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. "सहामाहीपर्यंत. मग बघू. आणि त्या पालकांशी तूच बोलायचंस." मी बोलले. त्यांना पटलं नाही. मी पुन्हा बोलणार आहे.

आता सोमवारी मी खुर्ची उचलून वर्गाच्या मागे नेते. मिस तिथे बसायच्या, सांगणाऱ्याकडे तोंड करून, सगळ्यांच्या पाठीमागे. आम्हाला वाटायचं, त्यांना पुढच्या खिडकीतल्या उन्हाचा त्रास होतो. तिथे बसल्यावर कळलं की सांगणारं मूल मागे बसलेल्या शिक्षकांकडे बघून बोलायला लागलं की आपोआप साऱ्या वर्गासाठी बोलतं. आणि आपलं नाव निघू नये म्हणून मान खाली घालून पुढच्याच्या आडोशाला जाणारं मूल मागून इतकं स्पष्ट दिसतं की हसू येतं. मीही तशीच बसायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी मिसना दिसलेच नाही.

सध्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे. सोमवारी तिची वेणी पार वहीला टेकते. मी तिचं नाव घेत नाही. मागच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची तरी बातमी चालू असताना तिने अर्धी मान वर केली आणि हसली. सहामाहीला अजून वेळ आहे.